धृपद धरणारे

कोजागरी झाली की आमच्या गावात काकडा सुरू होतो. कामशेतहून आत गेलं की माझं माहेर. पहाटे पाचला इंद्रायणीवरून धुकं वर येतं, देवळात एकच दिवा असतो, आणि पखवाजाला कणीक लावण्यापासून दिवस सुरू होतो. दिवाळीला माहेरी गेले की मी एकही पहाट चुकवत नाही. गेली तीसेक वर्षं तिथे एकच आवाज पुढे होता. बुवांची पट्टी काळी चार. त्या उंचीवरून भूपाळी सुटली की पलीकडच्या वाडीवर जाग यायची.

मागच्या पावसाळ्यात बुवा गेले. काकड्याला पुढे उभा राहिला एक तरुण मुलगा, दिवसा टेम्पो चालवणारा. पेटीवाल्याने सवयीने काळी चार धरली. मुलगा हळूच म्हणाला, ‘‘काका, काळी दोन द्या.’’ देवळात कुणी काही बोललं नाही, पण ती शांतता मला अजून आठवते. पट्टी इतकी खाली येणं म्हणजे बुवा गेल्याची दुसरी बातमी होती. पुढे त्याने गौळण स्वतःच्या चालीत घेतली. चाल गोड होती. पहिलं चरण संपलं, धृपदाची जागा आली, आणि मागून आवाजच आला नाही. वीस टाळकरी उभे होते, टाळ वाजत होते, पण म्हणत कुणीच नव्हतं. त्याने धृपद एकट्याने म्हटलं आणि पुढच्या चरणाला गेला.

माझा भाचा त्या वेळी देवळाच्या पायरीवर बसला होता. तो लोणावळ्याला इंजिनिअरिंगला आहे, रोज लोकलने जातो. कानात लिंकिन पार्क. त्या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन याने 20 जुलै 2017 रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, स्वतःचं आयुष्य संपवलं, तेव्हा हा शाळेत होता आणि दोन दिवस जेवला नव्हता. पुढे सात वर्षं बँड गप्प राहिला. 2024च्या सप्टेंबरात त्यांनी एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका पुढे आणली, नोव्हेंबरात ‘फ्रॉम झीरो’ हा अल्बम काढला. भाच्याला तो राग अजून आवरत नाही. ‘‘आत्या, गायचं तर गावं त्यांनी. पण नाव बदलायचं ना. ते नाव त्याचं होतं.’’

हे वाक्य मी वर्षभर मनात घोळवते आहे. त्याला उत्तर द्यावंसं वाटतं, आणि त्याचं दुःख खोडून न काढता द्यावंसं वाटतं.

एखाद्या गटातला वादक बदलला तर जाणकारांना कळतं, गायक बदलला तर घरच्या लहान मुलालाही कळतं. आवाज हा देहाचा भाग आहे. ज्या आवाजाने आपल्याला दहावीच्या निकालाच्या रात्री, पहिल्या नोकरीच्या परक्या खोलीत, कुणाच्या तरी जाण्यानंतर सोबत केली, त्याच्या जागी दुसरा ऐकू आला की आपल्या आयुष्यातल्या त्या रात्री कुणी परस्पर उचलून नेल्यासारखं वाटतं. चाहता गाण्याच्या मालकीसाठी भांडतो आहे असं बाहेरच्याला दिसतं. तो खरं तर स्वतःच्या आठवणींची राखण करत असतो.

मराठी माणसाला हे दुःख नवं नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचा इतिहास म्हणजे याच दुःखाची साखळी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. 1882च्या सुमारास बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. भावड्याच्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला. 1885मध्ये अण्णासाहेब गेले, मंडळी भाऊरावांच्या गळ्यावर उभी राहिली. 1901मध्ये भाऊराव गेले. मग 1905मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा कोवळा मुलगा, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला होऊन आला. ज्यांच्या कानांत भाऊरावांच्या चढ्या, तेजस्वी ताना भरल्या होत्या, त्यांना हा मऊ, लडिवाळ सूर पहिल्या रात्री काय वाटला असेल याची कल्पना मी अनेकदा करते. आठ वर्षांत त्याच मुलाशिवाय मंडळीची कल्पना कुणाला करता येईना; आणि 1913मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली. किर्लोस्करांकडे मग गोव्यातल्या मंगेशीचा एक पोरगा आला, दीनानाथ. पुन्हा वेगळा गळा, आक्रमक, झेप घेणारा. मुंबई-पुण्याच्या प्रयोगांसाठी या मंडळ्यांचं बिऱ्हाड आमच्याच बोरघाटातून, 1863पासून सुरू झालेल्या रेल्वेने ये-जा करायचं. त्या डब्यांमधून किती आवाज गेले, आणि त्यांच्या जागी किती आले!

तरी मला सगळ्यात जास्त शिकवते ती ललितकलादर्शची गोष्ट. केशवराव भोसल्यांनी 1908मध्ये हुबळीला ही मंडळी काढली. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन शिखरं एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. मंडळी आली बापूराव पेंढारकरांकडे. हाताशी केशवरावांची गाजलेली पदं होती, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पदांवर चार वर्षं निघाली असती. बापूरावांनी जुनं सोडलं नाही, पण मामा वरेरकरांकडून ‘सत्तेचे गुलाम’, ‘तुरुंगाच्या दारात’ अशी आजची नाटकं घेतली, पु. श्री. काळ्यांकडून नेपथ्याची तऱ्हा पालटून घेतली. प्रेक्षकाला तुलना करायला जागा कमी उरली, कारण समोर जे होतं ते केशवरावांनी केलेलंच नव्हतं. 1937मध्ये बापूराव गेले, आणि 1942मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली. भालचंद्रांचा जन्म 1921चा. ज्या वर्षी मूळ आवाज थांबला, त्या वर्षी तिसरा आवाज पाळण्यात होता.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘ती नाटकमंडळी होती आत्या, तो धंदा होता.’’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. मंडळीला पोटं होती, पन्नास माणसांची. पण बँडलाही माणसं असतात. माईक शिनोडा आणि लिंकिन पार्कच्या बाकीच्यांनी त्या नावात वीस वर्षं घातली होती. मेलेल्या मित्राबरोबर जिवंतांनी आपलं नावही पुरावं, ही मागणी प्रेमातून येते, तरी ती कठोर आहे. आणि एक गोष्ट चाहत्यांना ठाऊक असते, रागात विसरली जाते: चेस्टर स्वतः नवा गायक होता. बँड 1996पासून ‘झेरो’ नावाने चालू होता, गायक दुसरा होता. तो सोडून गेल्यावर 1999मध्ये ॲरिझोनाहून चेस्टर आला, आणि पुढच्या वर्षी ‘हायब्रिड थिअरी’ आला. त्याहून पुढचं म्हणजे 2013 ते 2015 तो स्टोन टेम्पल पायलट्समध्ये स्कॉट वायलंडच्या जागी उभा होता. कुणाच्या तरी रिकाम्या जागेत उभं राहताना पाठीला काय वाटतं, हे त्याला पुरेपूर माहीत होतं.

क्वीनने वेगळी वाट काढली. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड झाला. 1991मध्ये तो गेला. पुढे पॉल रॉजर्स आला, मग ॲडम लॅम्बर्ट आला, पण पाटीवर दोघांचीही नावं अधिकचं चिन्ह घालून लिहिली गेली: क्वीन अधिक अमुक. नव्याला मान, जुन्याची जागा राखलेली. मला ती सभ्यता आवडते. पण त्या चिन्हाने पाहुणा कायमचा पाहुणाच राहतो, घरचा होत नाही. लिंकिन पार्कने चिन्ह घातलं नाही. ते जास्त धोक्याचं होतं, आणि माझ्या मते जास्त खरं.

हा प्रश्न आमच्या मावळाने साडेतीनशे वर्षांपूर्वी सोडवलेला आहे, हे मला त्या काकड्याच्या पहाटेपर्यंत सुचलं नव्हतं.

तुकोबांचं देहू इथून इंद्रायणीच्या खालच्या अंगाला. ज्या भंडारा डोंगरावर ते बसत, तो मावळातच. त्यांच्या कीर्तनात मागे चौदा टाळकरी असत असं परंपरा सांगते. 1650च्या फाल्गुनात, बीजेच्या दिवशी, पुढचा आवाज थांबला. धाकटे बंधू कान्होबा यांनी तो धक्का पचवला नाही. त्यांनी अभंगांतून विठ्ठलाशी सरळ भांडण मांडलं, भावाला परत द्या म्हणून. चाहत्याचा राग म्हणतात तो हाच, आणि वारकऱ्यांनी तो लपवला नाही, गाथेत ठेवला. मुद्रा कोणती, तर ‘तुकयाबंधु’.

टाळकऱ्यांत संताजी जगनाडे होते, चाकणचे तेली, ज्यांनी अभंग लिहून ठेवले. त्यांची समाधी मावळातल्या सुदुंबऱ्याला आहे. आख्यायिका अशी, की संताजींना मूठमाती देताना सगळं झाकलं गेलं, चेहरा झाकला जाईना. तेव्हा तुकोबा वैकुंठाहून आले आणि त्यांनी माती दिली. पुढे गाणारा मागे म्हणणाऱ्यासाठी परत आला, असं इथल्या लोकांनी ठरवलं. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्यातली समज मोठी आहे. गेलेल्या गायकाचं देणं कुणाकडे लागतं हे तिच्यात सांगितलेलं आहे.

मग नारायण महाराज. तुकोबा गेले तेव्हा हा मुलगा आईच्या पोटात होता. वडिलांचा आवाज त्याने एकदाही ऐकला नाही. 1685मध्ये पालखी सुरू केली ती त्याने, तुकोबांच्या पादुकांबरोबर ज्ञानेश्वरांच्याही पादुका घेऊन. ज्याला मूळ आवाज तुलनेसाठीसुद्धा ठाऊक नव्हता, त्याच्यापाशी आवाज पोचला तो टाळकऱ्यांच्या तोंडून. आणि पारनेरजवळच्या पिंपळनेरचे निळोबा. तुकोबांची त्यांची भेट झाली नाही, तरी गुरू मानले तुकोबांना, आणि अभंगाला मुद्रा घातली स्वतःची. ‘तुका म्हणे’ असं लिहून खपवणं सोपं होतं.

उलटा मार्गही आपल्याला दाखवून ठेवलेला आहे. प्रभातच्या 1936च्या ‘संत तुकाराम’मध्ये सालोमालो तुकोबांचे अभंग घेतो, मुद्रा स्वतःची घालतो आणि गातो. शब्द तेच, आणि तरी लोक त्याच्यामागे जात नाहीत. त्याच चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गृहस्थ, आणि महाराष्ट्राच्या कित्येक घरांत तुकोबांचा चेहरा म्हणून पागनिसांचाच चेहरा बसला. सालोमालोला तुकोबांची जागा हवी होती. पागनीस तुकोबांच्या गाण्यात पूर्ण बुडाले, एवढंच त्यांनी केलं. नव्या गायकाची पारख करायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. आवाज जुळतो का हा प्रश्न दुय्यम आहे. नक्कल करणाऱ्याला तर आपणच चार दिवसांत कंटाळतो. बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या किती गळ्यांची नावं आज कुणाला सांगता येतील?

पण कसोटी एकट्या गायकाची नसते. वारकरी भजनात पुढचा एक चरण म्हणतो आणि धृपद मागचे धरतात. ते धरलं गेलं नाही तर पुढचा कितीही चांगला गाओ, भजन होत नाही. म्हणजे गाण्याचा अर्धा भाग कायम आपल्याकडेच होता. बुवा गेले तेव्हा तो गेला नव्हता. त्या पहाटे वीस टाळकऱ्यांनी तो तोंडात धरून ठेवला, दिला नाही.

ज्याला नवा आवाज ऐकवत नाही, त्याने ऐकू नये. जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांच्यापाशी बसावं, रडावं. कान्होबांनीही तेच केलं. माझा आक्षेप आहे तो न ऐकताच निकाल देणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त त्यांना, जे तोंड मिटून उभे राहतात आणि मग म्हणतात, ‘‘पूर्वीसारखा रंग भरत नाही.’’ एमिली आर्मस्ट्राँग जुनं गाणं म्हणते तेव्हा खाली हजारो माणसं तोंडपाठ म्हणत असतात. त्या गर्दीचा आवाज 2017च्या आधीही तोच होता. त्या अर्थाने बँडचा सगळ्यात जुना गायक अजून तिथेच आहे. हे मी भाच्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. काही दिवसांनी ‘फ्रॉम झीरो’ त्याने एकदा पूर्ण ऐकला, असं त्याच्या आईकडून कळलं. आवडला की नाही, ते त्याने सांगितलेलं नाही आणि मी विचारणारही नाही.

गावात पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या पहाटे सगळ्यात वयस्क टाळकरी, बुवांचे जोडीदार, काकडा संपल्यावर त्या मुलापाशी गेले. म्हणाले, ‘‘तुझी ती गौळणीची चाल शिकव आम्हाला. येत नाही म्हणून धरता येत नाही.’’ मुलगा टेम्पोची चावी हातात घेऊन अर्धा तास थांबला. चौथ्या दिवशी सहा-सात जणांनी धृपद धरलं, चुकत चुकत. पाचव्या दिवशी बायकांच्या बाजूने मीही धरलं. पट्टी काळी दोनच होती. बुवांची जुनी भूपाळी मात्र त्याने अजून म्हटलेली नाही. म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

यंदा दिवाळीत मावळात असाल, लोणावळ्याला फिरायला आलात तरी, एका पहाटे जवळच्या देवळात या. काकडा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असतो. टाळ खुंटीला लावलेले असतात, आणि ते घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.