सेवेकऱ्यांचे गुण आणि दोष



धर्मग्राम परिषदेवर कोणाला घ्यावे असा विषय निघाला की आपण प्रथम उणिवा मोजतो. याला चारचौघांत बोलता येत नाही, त्याला हिशेब जमत नाही. निवड झाल्यावरही वर्षभर त्याच उणिवांवर बोट ठेवले जाते आणि चांगली माणसे हळूहळू मागे सरतात. मग पुढाऱ्याने आधी आपल्या उणिवा भरून काढाव्यात, की अंगच्या गुणांनी सेवा करावी?

शेजारच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आठवा. जपानमध्ये त्यांनी जेजुइट धर्मगुरूंना साहाय्य केले व तिथली भाषा आत्मसात केली. परंतु त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानच्या राज्यकर्त्याकडे वकील म्हणून पाठवण्यात आले, तेव्हा दुभाष्याचे काम ब्रदर गोन्सालोंकडे आले. प्रमुख होते फादर पेद्रो. तरी दरबारात ते आपल्या हाताखालच्या ब्रदरच्या जिभेवर विसंबले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे दोघांनीही क्रुसावर प्राण दिले. १८६२ साली त्या २६ हुतात्म्यांना संतपद मिळाले.

जे आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला येते, हे मान्य करणे हीसुद्धा पुढाऱ्याची नम्रता आहे. प्रेषितांनीही विधवांच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडले आणि स्वतः प्रार्थना व वचनसेवा सांभाळली.

मग दोष तसेच राहू द्यायचे का? नाही. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्ष कसा असावा हे सांगितले आहे. त्यात शिकवण्याची हातोटी हे एक कौशल्य येते. बाकी बहुतेक गोष्टी वागण्याच्या आहेत: तो दारूच्या आहारी गेलेला नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा.

आपल्या भिवंडीत मागावर काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ताण्याचा धागा उभा, बाण्याचा आडवा. एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी कोणी अपेक्षा करीत नाही. पण ताण्याचा धागा तुटला, तर माग थांबवून गाठ मारावीच लागते. नाहीतर कापडात दोष राहतो.

तसेच इथेही. जो आजाऱ्यांच्या घरी न चुकता जातो, त्याला बळेच माइकपुढे उभे करू नका. हिशेब जमत नसेल तर तो जमणाऱ्याकडे द्या. मात्र हिशेब दाखवायलाच नकार देणे, हे 'जमत नाही' या सदरात बसत नाही. आपल्या माणसांना झुकते माप देणे, गरिबाशी तुसडेपणाने बोलणे, यांवरही 'माझा स्वभावच असा' हे उत्तर चालणार नाही. तिथे थांबून दुरुस्तीच करावी लागते. प्रभू येशूने पेत्राला मेंढरे सोपवली, पण त्याआधी तीन वेळा त्याच्या प्रीतीविषयी विचारले.

या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एका सेवेकऱ्याला भेटून त्याचा एक गुण त्याला सांगू या. आणि स्वतःचा कोणता धागा तुटला आहे, हे प्रार्थनेत प्रभूला विचारू या.

हे प्रभो, तू दिलेली दाने ओळखण्याची दृष्टी आणि आमच्यात जे तुटले आहे ते जोडण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.