वेड्या बाभळीच्या काठ्या

येथे उधन्यास खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. मोकळ्या जागी उगवणारी वेडी बाभूळ सर्वांच्या परिचयाची आहे. गुजराती लोक तिला गांडो बावळ म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. खारे रण पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने ते कच्छच्या बन्नीत लावले. हेतू चांगला होता. पण झाडाने तेथील गवताचे कुरणच व्यापले.

मग परसबागेत त्याचा उपयोग करावा काय? अवश्य करावा. काठ्यांवर वालाचा वेल चढतो, काटेरी फांद्यांचे कुंपण होते, लाकडाचा कोळसाही चांगला. मात्र गुरांनी शेंगा खाल्ल्या तर बी शेणातून पुन्हा रुजते, आणि बुंधा राखून तोडले तर नवे धुमारे फुटतात. म्हणून शेंगा धरण्यापूर्वी ते मुळासकट काढावे.

येथेच मनाची परीक्षा होते. गेल्या वर्षी आम्ही एक बुंधा मुद्दाम राखला. पुढेही काठ्या हव्या होत्या ना! वाईटातून चांगले काढणे निराळे, आणि त्या चांगल्यासाठी वाईट जतन करणे निराळे. खोटे बोलून मिळविलेला पैसा दानपेटीत टाकला तरी खोटे ते खोटेच, हे शब्बाथशाळेतील मूलही जाणते.

तेव्हा प्रिय वाचकहो, आपण स्वतःस एवढेच विचारावे : ही वस्तू उद्या नाहीशी झाली तर आपणांस आनंद होईल की हळहळ वाटेल? आम्हांस हळहळ वाटली, म्हणूनच तो बुंधा आम्ही खणून काढला. वालासाठी आता बांबू विकत आणतो.