अर्जुन आधी बोलला



बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिराशी आपला जुना ऋणानुबंध आहे. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी या देवाला गाव दान दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. मंदिरासमोर नंदीतीर्थ आहे. १९९७ पर्यंत ते मातीखाली गाडलेले होते. माती उपसल्यावर खाली नंदी दिसला. त्याच्या मुखातून आजही शिवलिंगावर पाणी पडते. वरून चालणाऱ्यांना मात्र कितीतरी वर्षे खालचे काहीच ठाऊक नव्हते.

तिथल्या पायऱ्यांवर मला एक विद्यार्थी भेटला. साताऱ्याकडचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रोज रात्री आईचा फोन येई. "जेवलास का?" "जेवलो." "अभ्यास?" "चालू आहे." खरे तर दोन विषय राहिले होते, धड झोप नव्हती आणि मेसला जाणेही सुटले होते. हे सगळे त्याने मला सांगितले. आणि मी काय म्हटले? "जप वाढव, सगळे ठीक होईल." तो "हो काका" म्हणाला आणि गप्प झाला.

ते गप्प होणे मला घरी आल्यावर टोचू लागले. गीतेचा पहिला अध्याय काढला. अर्जुन सांगतो आहे, अंग थरथरते, तोंड कोरडे पडते, हातातून गांडीव निसटते. भगवंत त्या अध्यायात जेमतेम एक वाक्य बोलतात, बाकी ऐकतात. त्या विषादालाही तिथे 'योग' म्हटले आहे! दुसऱ्या अध्यायात भगवंत आधी कानउघाडणीच करतात, हे खरे. पण अर्जुन तेवढ्याने मिटत नाही, पुन्हा बोलतो, मला काही सुचत नाही म्हणतो. उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. माझ्या मुलाला मात्र मी पुन्हा बोलायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. म्हटले, "काल मी ऐकलेच नाही. आज ऐकतो." मग दोघे मिळून मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. नैराश्य होते. औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. साधक विचारतात, गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली का? मधुमेहाची गोळी घेऊन आपण आरतीला उभे राहतोच ना? सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार आणि झोपेचे प्रमाण सांगितले आहे. शरीर बाजूला ठेवून त्यांनी योग सांगितला नाही.

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. बेंगळुरूचीच निम्हान्स ही संस्था तिच्या कामाला दिशा देते. मुलाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर त्याला एकटे सोडू नका. प्रवचन नंतर.

आईला सांगायला त्याला आणखी आठ दिवस लागले. ती रात्रीच्या बसने आली, सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मग रोज जेवलो म्हणून का सांगत होतास रे?"