खाण तशी माती?

वसुबारसेच्या दिवशी आमच्या घरी वाती वळण्याचे काम असते. आई ओट्यावर बसते, घरच्या पहिल्या वेचणीचा कापूस पुढ्यात घेते, बोटांनी सरकी काढून वाटीत टाकते आणि तळहातावर वात वळते. विकतच्या वाती केदारखेड्याच्या किराणा दुकानात केव्हाही मिळतात. पण दिवाळीच्या पणतीत घरच्याच कापसाची वात लागली पाहिजे, असा तिचा नेम आहे. मीही जवळ बसतो. मदत म्हणावी असे काही माझ्या हातून होत नाही. गप्पा मात्र होतात.

मागच्या दिवाळीत अशाच गप्पा चालल्या असता तिने एक सरकी चिमटीत धरली आणि मला विचारले, "का रे, ह्या बियात अळी मारायचा गुण असतो म्हणतात. मग त्या साली अळीनं बोंडं खाल्ली कशी? गुण होता का नव्हता?"

त्या साली म्हणजे २०१७ साली. महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांना ते साल वेगळे सांगावे लागत नाही. पऱ्हाटी छातीएवढी वाढली होती, पाने हिरवीगार होती. बांधावरून पाहणाऱ्याने हेवा करावा असे पीक होते. पण फुले उमलण्याऐवजी मिटून डोमकळ्या होऊ लागल्या, आणि बोंड फोडून पाहावे तर आत गुलाबी अळी सुखाने नांदत होती. वेचणीला आली ती नुसती कवडी.

आईच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यावर चित्रकलेचा कोर्स. कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावातली माणसे मला शहाणा समजतात, एवढीच काय ती पुंजी. पण 'गुण होता का नव्हता' हे चार शब्द डोक्यातून जाईनात. दिवाळीच्या सुटीत मिळाले ते वाचले, जाणत्यांना विचारले आणि माझ्या बेताच्या अकलेत मावले तेवढे समजून घेतले. ते जसे समजले तसेच सांगतो.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक भला लांब मजकूर असतो. तो अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला आहे. माणसाच्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे भरतात. या मजकुरातला जो तुकडा एखादे प्रथिन कसे घडवावे ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात. माणसात अशी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. सगळा मजकूर मिळून जो होतो तो जीनोम. माणसाच्या जीनोमचा कच्चा खर्डा २००१ साली प्रसिद्ध झाला, २००३ साली ते काम पुरे झाल्याचे जाहीर झाले आणि तरीही राहून गेलेल्या रिकाम्या जागा २०२२ साली भरल्या. आपण शेतात लावतो त्या अमेरिकन कापसाचा जीनोम २०१५ साली वाचला गेला.

मजकूर वाचून झाला म्हणजे सगळे कळले, असे वाटेल. मलाही तसेच वाटले. पण खरी मौज पुढेच आहे. कपाशीच्या पानातल्या पेशीत आणि मुळातल्या पेशीत मजकूर एकच असतो. तरी एकीचे पान होते, दुसरीचे मूळ. असे का? माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. वर्गात चाळीस मुलांकडे बारा रंगांची तीच पेटी असते. पण कोण कोणती डबी उघडतो आणि किती रंग घेतो, त्यावर चित्र ठरते. पेशीचेही तसेच आहे. जनुक असणे म्हणजे डबी पेटीत असणे. ती उघडली गेली, तर जनुकाची नक्कल म्हणून एक संदेश तयार होतो आणि त्या संदेशावरून प्रथिन बनते. याला शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. म्हणून ते तीन ठिकाणी तपास करतात: मजकुरात काय आहे, संदेश किती निघाला, आणि शेवटी प्रथिन किती तयार झाले. पहिल्याचे उत्तर 'आहे' आले, तरी पुढची दोन उत्तरे त्यातून आपोआप मिळत नाहीत.

आता आईची सरकी. तिच्यातला गुण मुळात कापसाचा नाही. तो मातीत राहणाऱ्या एका जंतूचा आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे मारणारा म्हणून तो ओळखला गेला. १९११ साली जर्मनीत, पिठातल्या पतंगाच्या अळीत तो पुन्हा सापडला. तिथल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव पडले आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून आपण 'बीटी' म्हणतो. या जंतूचे एक जनुक कापसात घातले गेले. असे वाण भारतात लावायला परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. आणि पहिली वाणे आमच्या जालन्याच्या महिको कंपनीची होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेली ही कंपनी, आणि बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळालेला. बियाण्यांचा जिल्हा अशी आमची ओळख, ती तेव्हापासूनची.

त्या जनुकाला जे कळसूत्र जोडले होते, ते सदासर्वकाळ आणि झाडाच्या सर्व भागांत चालू राहील अशा बेताचे होते. तसे ते राहते का, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण तीत पाहणे आहे. बाजारातली आठ वाणे घेतली. पाने, पाती, फुले, बोंडे यांचे तुकडे झाड लहान असताना घेतले आणि पुढेही घेत राहिले. असे तुकडे वाटून त्यांचा रस बारीक खळग्यांच्या तबकडीत घालतात. हवे ते प्रथिन असेल तर तिथे रंग चढतो, आणि रंग जितका गडद तितके प्रथिन जास्त. २००५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. प्रथिन सर्वांत जास्त पानांत होते. बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात, म्हणजे ज्याच्यासाठी सारा खटाटोप त्या भागांत, अळीला पुरते रोखण्याइतके ते नव्हते. आणि आठही वाणांत, झाडाचे वय वाढत गेले तसतसे ते कमी कमी होत गेले.

हे संशोधन हिरव्या बोंडअळीसंबंधी होते. गुलाबी अळीची कथा त्यापुढची. संकरित झाडाला हे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेले असते. म्हणून त्या झाडाला जी बोंडे लागतात, त्यांतल्या दर चार सरक्यांपैकी सरासरी तीनांतच ते उतरते, एकीत नसते. एका आईच्या एका बोंडात, शेजारी शेजारी! गुलाबी अळी खाते ती सरकीच. तिला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास मिळत गेले, आणि विष थोडेफार सोसणाऱ्या अळ्या वाचून त्यांची वंशावळ वाढली. गुजरातेतली अळी या जनुकाला दाद देत नाही, हे २०१० साली जाहीर झाले. २००६ पासून दोन जनुकांची वाणे आली होती; पुढे तिने तीही पचवली.

हे सर्व मी आईला सांगितले. गुण होता; पण पानात जास्त, बोंडात कमी; कोवळेपणी जास्त, उतारवयात कमी; चारांतल्या एका सरकीत नव्हताच; आणि अळी पहिल्यासारखी राहिली नव्हती. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि पुढची वात वळत म्हणाली, "एवढं सगळं पाकिटावर कुठं मावायचं!"

ती सहज बोलून गेली. पण मला एक मुलगा आठवला.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका शाळेत आठवीचा वर्गशिक्षक होतो. वेरूळला सहल जायची होती. माझ्या वर्गातला रिवाज असा, की सहलीचे पैसे गोळा करून हिशेब ठेवण्याचा मान गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाचा. त्या वर्षी पहिला होता तो हा मुलगा. त्याचा बाप जिनिंगमधल्या चोरीत शिक्षा भोगून आला होता, आणि गावात त्या घराचे नाव निघाले की माणसे खिशाला हात लावून हसत. मी दुसऱ्या नंबरच्या मुलाचे नाव पुकारले. पुकारले तेव्हा हा उठून माझ्या टेबलापर्यंत आला होता. त्याच्या हातात वही होती. तीत त्याने आदल्या रात्रीच रेघा मारून ठेवल्या होत्या: नाव, रक्कम, तारीख, सही. तो काही बोलला नाही. परत गेला आणि वही दप्तरात ठेवली.

मधल्या सुटीत एका सहकाऱ्याने मला विचारलेच. मी म्हणालो, "खाण तशी माती. उगाच विषाची परीक्षा कशाला पाहायची?" सगळे हसले, मीही हसलो.

मुलगा सहलीला आला नाही. घरी पैसे नाहीत असे त्याने सांगितले, आणि ते खरेही असू शकेल. दहावीनंतर तो शहराकडे गेला. पुढे त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

याच आठवड्यात मी वर्गाला कापसाचे बोंड समोर ठेवून चित्र काढायला शिकवत होतो. चित्रकलेच्या मास्तराचा पहिला धडा एकच असतो: माहीत आहे ते काढू नका, दिसते ते काढा. मुले समोरच्या बोंडाकडे एकदा पाहतात आणि मनातले बोंड कागदावर काढतात; गोल, पांढरे, पूर्ण उमललेले. एका मुलाने तेवढे आपल्या बोंडातली एक किडकी कवडीही काढली होती. तो हाच मुलगा. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले. धडा त्याला येत होता. मास्तराला येत नव्हता.

तुम्ही म्हणाल, रक्तात काहीच नसते का? असते. ते नाकारणारा मी शेवटचा. दर तीन-चार वर्षांनी माझ्या वर्गात एखादा मुलगा पाने तपकिरी रंगवतो, आणि त्याला लाल-हिरवा ओळखता येत नाही हे माझ्या ध्यानात येते. तो रंगांधळेपणा त्याला आईकडून आलेला असतो, जरी आईला सगळे रंग स्वच्छ दिसत असले तरी. पण मुद्दाम पाहा: हे मी त्याच्या आईकडे पाहून ओळखत नाही. त्याने रंगवलेल्या पानाकडे पाहून ओळखतो. आणि चोरी म्हणजे काही लाल-हिरवा रंग नव्हे. कोणाच्याही पेशीत चोरीचे जनुक सापडलेले नाही. तिथे गरज असते, संगत असते, संधी असते, आणि पुष्कळदा 'तू चोरच' असे लहानपणापासून कानी पडलेले असते.

मी केले ते चार भिंतींच्या आत. पण हीच समजूत एके काळी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली होती. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. स्वतंत्र भारताने तो १९५२ साली रद्द केला आणि या लोकांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. कागद फाटला, पण गावात चोरी झाली की आजही पहिली नजर पारध्यांच्या पालाकडे जाते. नजरेला विमुक्त करणारा कायदा नाही.

आपली भाषाही या बाबतीत मोठी सोयीस्कर आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, असे आपण म्हणतो. खाण तशी माती, असेही आपणच म्हणतो. मोठेपणाला पोचलेल्यासाठी पहिली म्हण आणि दाराशी उभ्या राहिलेल्या पोरासाठी दुसरी. मी कादंबऱ्यांतही हेच केले आहे. पात्र नीट पाहण्याचा कंटाळा आला की 'बापाचेच डोळे' असे लिहून मोकळा झालो.

कधी वाटते, तो मुलगा आज कुठे सचोटीने नोकरी करत असेल, तर माझी चूक सिद्ध झाली. पण असा विचार करणे म्हणजे पुन्हा पळवाट. समजा, तो बापाच्याच वाटेने गेला असेल. तरी मी बरोबर ठरत नाही. त्या सकाळी माझ्यापुढे त्याची वही होती, रेघा होत्या, वर्षभराचे गणिताचे पेपर होते. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी बीटीचे जनुक आहे हे माहीत असूनही पान तोडून पाहिले, बोंड फोडून पाहिले, महिन्यांमागून महिने पाहिले. मी मुलाला एकदाही न पाहता पाकीट वाचले. आणि ते पाकीटही त्याचे नव्हते. त्याच्या बापाचे होते.

आता माझ्या वर्गात पैसे गोळा करण्याचे काम हजेरीपटाप्रमाणे पाळीने चालते. कोणाचे घर कोणते, हे पाहायचेच नाही. यात मोठेसे काही नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून केलेली ती तजवीज आहे. कारण एखाद्या नावाची पाळी आली की आजही पैशांचा डबा पुढे करताना माझा हात क्षणभर थांबतो. तो थांबतो हे मला कळते, आणि मग मी डबा देतो.