शिकारीची गाडी

आमच्या जुन्या पिकअपनं वीस वर्षं शेणखत वाहिलं, कांदा बाजाराला नेला. औंदा रानडुकरांनी एका रातीत अर्धा एकर मका लोळवला. थोरला म्हणाला, "आबा, गाडीला मोठे टायर घालू, टपावर लाइट लावू. रात्री हेरून मारू."

राग मलाही होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं परवान्याशिवाय डुक्कर मारणं गुन्हा, हे एक. पण खरी अडचण मनातली. पिकाची राखण वेगळी अन् डोळे दिपलेल्या जनावरामागं गाडी घालणं वेगळं. राखण मका निघाला की संपते. खर्च करून सजवलेली गाडी मात्र मका निघाल्यावरही शिकार मागते.

लाइट आणला, तो माळ्यावर लावला. मी तिथं जागतो. मका अजूनही थोडा जातोच. गाडी खत वाहते.