शस्त्र धरणारा आणि शस्त्र विकणारा

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्यास लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात, तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. भिक्षूंच्या चीवरादी गरजांसाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले, त्यांतील २,००० वर शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरविले, आणि हा सारा व्यवहार एखाद्या चोख सावकाराच्या खतावणीप्रमाणे पाषाणावर नोंदवून ठेवला. विरक्तीचा उपदेश करणाऱ्या त्या धर्माला व्यापाराचे वावडे नव्हते, हे यावरून उघड होते. आणि म्हणूनच अंगुत्तरनिकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार प्रथम यावा, ही गोष्ट विचारणीय ठरते. मनुस्मृतीतही, वैश्यवृत्तीवर निर्वाह करण्याची पाळी आलेल्या ब्राह्मणाने कोणते जिन्नस विकू नयेत हे सांगताना शस्त्र आणि विष यांना एकाच पंक्तीस बसविले आहे.

कौटिल्याचा रोख मात्र निराळा. शस्त्रे, चिलखते, धातू, रथ इत्यादी वस्तू राज्याबाहेर नेण्यास तो बंदी करतो आणि त्याच वस्तू बाहेरून आत आल्या तर त्यांस शुल्क माफ करतो. येथे निषेध शस्त्राचा नसून शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाण्याचा आहे. धर्मशास्त्राने विक्रेत्याच्या अंतःकरणाकडे पाहिले, राजनीतीने जकातनाक्याकडे. आणि पुढे बंदरांतून आलेल्या सत्तांनी यांपैकी दुसरी दृष्टी तेवढी उचलली.

तिचे फळ काय झाले ते राजापूर बंदराच्या इतिहासात दिसते. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला, आणि गडावर गोळे पडत असताना इंग्रजांचे निशाण तेथे फडकत राहिले. पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले. हे कैदी जेव्हा सुटकेसाठी तगादा लावू लागले तेव्हा सुरतेच्या कौन्सिलने त्यांस जे सुनावले त्याचा आशय असा, की तुम्ही कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजी निशाणाखाली गोळे उडविल्यामुळे अडकला आहात. नफ्याची आशा होती तोवर वखार एक होती. शासनाची वेळ येताच ती निरनिराळ्या माणसांत विभागली गेली. पुढे मराठ्यांना तोफा देण्याच्या बाबतीत इंग्रजांनी चालढकल केली, तेव्हा त्या फ्रेंचांकडून मिळाल्या. एका वखारीने दार लावावे आणि शेजारच्या वखारीने ते उघडावे, हा किनाऱ्याचा नित्यक्रमच होता. कारण तेथे पहारेकरी आणि दुकानदार एकच होता.

अडीचशे वर्षांनी तोच प्रश्न नाशिकच्या दारी उलट बाजूने आला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली आणि युरोपियनांस मात्र त्यातून मोकळे ठेवले. या कायद्याच्या ऐन अंमलात, १९०९ च्या आरंभी, विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून मिळविलेली २० ब्राउनिंग पिस्तुले लंडनच्या इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळात दडून मुंबई बंदरात उतरली. आणि त्यांपैकीच एका पिस्तुलाने त्या वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री, विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांस या वधास साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप सुनावली गेली. चाप ओढणारा दोषी ठरला, पाठविणाराही दोषी ठरला; पॅरिसमध्ये किंमत मोजून घेऊन पिस्तुले देणारा मात्र कोणत्याच आरोपपत्रात आला नाही.

हा कायदा बंदरात फसला तो केवळ कारकुनाच्या नजरचुकीने नव्हे. जो नियम प्रजेच्या अविश्वासावर उभारला जातो आणि राज्यकर्त्याच्या जातभाईंस मुभा देतो, त्याच्या पाठीशी प्रजेची सदसद्विवेकबुद्धी उभी राहत नाही. आणि ती नसेल तर प्रत्येक पेटीचे तळ उचकटून पाहण्याइतकी माणसे कोणत्याही सरकारजवळ नसतात. पण नियम अन्यायाचा होता, एवढ्यावरून विक्री निर्दोष होती असे सिद्ध होत नाही.

कुरुक्षेत्रावर गांडीव खाली ठेवणाऱ्या अर्जुनाचे समाधान करण्यासाठी अठरा अध्याय खर्ची पडले. त्या सैन्यांस बाण पुरविणाऱ्यासाठी त्यांत एक श्लोकही नाही. शस्त्र धरणाऱ्यापुढे शत्रू असतो, स्वतःचा प्राण पणास लागलेला असतो, आणि म्हणून ‘हे युद्ध धर्म्य आहे काय?’ हा प्रश्न त्यास टाळता येत नाही. विकणाऱ्यापुढे फक्त गिऱ्हाईक असते. त्याच्या व्यवसायातील खरा दोष हा, की तो प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आज हा विचार परक्यांना लावून मोकळे होण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. पांडवलेण्यांच्या या नाशिकलगत देवळालीस तोफखान्याची शाळा आहे आणि ओझरला लढाऊ विमाने बनतात. २०२२ साली भारताने फिलिपिन्सशी ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला आणि २०२३-२४ या वर्षी देशाची संरक्षण-निर्यात २१,००० कोटी रुपयांवर गेली. स्वसंरक्षणार्थ शस्त्र घडविणे हे क्षात्रकर्म आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु तेच शस्त्र परदेशी पाठविताना परवान्यावरील शिक्का म्हणजे पापक्षालन नव्हे. गिऱ्हाइकाचे युद्ध उद्या उघडपणे आपले म्हणून पत्करण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच त्याला शस्त्र विकावे. सुरतेच्या कौन्सिलप्रमाणे पुढे कानांवर हात ठेवण्याचा ज्याचा विचार असेल, त्याने तो सौदा करू नये, मग कायद्याने त्यास कितीही मोकळीक दिलेली असो.