नांगराआधी तळ

हातातलं काम बाजूला ठेवा आणि मांडव्याजवळचा सकाळचा समुद्र डोळ्यांसमोर आणा. वीस फुटी मोटरबोट, मागे आउटबोर्ड इंजिन, तेही बंद केलेलं. जमिनीवरून मंद वारा येतोय. बोटीला इथं काही वेळ थांबायचं आहे. दुकानात मांडलेले चकचकीत नांगर एवढ्यात आठवू नका.

नजर पाण्यातून खाली सोडा. पाणी गढूळ आहे, काही दिसत नाही. जुन्या जहाजांवर दोराला शिशाचं वजन बांधून खाली सोडत. त्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली. वर ओढलं की चरबीला चिकटलेली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा खालची बातमी सांगे. काहीच चिकटलं नाही, तर खाली खडक असण्याची शक्यता मोठी. आजच्या सागरी नकाशांवर हीच बातमी इंग्रजी अक्षरांत छापलेली असते : एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू, आर म्हणजे खडक. मुंबई बंदरात बहुतेक ठिकाणी मऊ चिखल आहे. किहीम-नागावच्या किनाऱ्याशी वाळू लागते. तुमची बोट जिथं जास्त वेळा थांबणार, तिथलं अक्षर कोणतं? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा.

आता नांगरांकडे वळा. डॅनफर्थ प्रकारच्या नांगराला दोन रुंद, चपटी, बिजागरीवर हलणारी पाती असतात. वाळूत आणि चिखलात तो स्वतःच्या वजनाच्या मानानं फार चिवट धरतो. सीक्यूआर हा फाळाच्या आकाराचा नांगर 1933 साली जेफ्री टेलर या भौतिकशास्त्रज्ञानं समुद्री विमानांसाठी काढला, कारण विमानात जड नांगर वाहून नेणं परवडत नव्हतं. खडकात चार नख्यांचा ग्रॅपनेल अडकतो. अडकतो खरा, पण कधी कधी कायमचा. म्हणून त्याच्या बुडाला उलट ओढून काढण्यासाठी वेगळी दोरी बांधलेली बरी. अलीकडच्या रोक्नासारख्या नांगरांना वर कमान असते. तिच्यामुळे आडवा पडलेला नांगर कूस बदलून टोकावर येतो.

यातला कोणता घ्यायचा, ते ठरवण्याआधी पाण्याच्या फिरण्याकडे बघा. साधारण सहा तासांनी ओढ उलटते. भरतीला आत तोंड करून पुरलेला नांगर ओहोटीला मागून खेचला जातो, उपटतो आणि त्याला पुन्हा रुतावं लागतं. डॅनफर्थ इथं कधी कधी फसतो. पात्यांत दगड किंवा शिंपला अडकला, तर तो तळावर नुसता घसरत राहतो. म्हणून खाडीत मुक्काम करणाऱ्याला मी कमानीचा नांगर सुचवीन. वीस फुटी बोटीला सहा-सात किलोंचा पुरतो. तासभर गळ टाकून बसायचं असेल, तर डॅनफर्थ उत्तम.

नांगर तळाला टेकला असं समजा. अजून त्यानं काहीही धरलेलं नाही. ओढ आडवी आली तर पातं खाली शिरतं. ओढ वर गेली तर तेच पातं सुटतं. दोर खोलीच्या सातपट सोडला, तर तो तळाशी साधारण आठ अंशांचा कोन करतो. साडेतीनपट सोडला, तर कोन सोळा अंशांच्या वर जातो.

आणि खोली म्हणजे किती? ओहोटीला तीन मीटर पाणी, त्यात नाळेची म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची एक मीटर : झाले चार. सातपट म्हणजे 28 मीटर दोर. आता पौर्णिमेचं उधाण मनात आणा. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरही चढतं. चाराचे आठ झाले, दोर मात्र तेवढाच, म्हणजे साडेतीनपट. सातपट हवा असेल तर 56 मीटर लागतात. कोकणातला जुना हिशोब इथं कामाला येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. तेव्हा दोर साठ मीटर घ्या, बारा मिलिमीटर जाडीचा आणि नायलॉनचा. नायलॉन ताणतो आणि लाटेचा हिसका पचवतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण पाण्यावर तरंगतो आणि शेजाऱ्याच्या पंख्यात जातो; तो नांगराला बांधूच नये.

दोर आणि नांगर यांच्यामध्ये साखळी हवी, निदान बोटीच्या लांबीइतकी. आठ मिलिमीटरची सहा मीटर साखळी आठ किलोंच्या वर भरते. तिच्या वजनानं नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो आणि खडकाची धार दोराऐवजी तिच्यावर घासते. वारा फार वाढला की साखळीही ताठ होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, मग भिस्त दोराच्या लांबीवरच.

इंजिन सुरू करून बोट सावकाश मागे घ्या. दोर नाळेवरून सुटू द्या, मग खुंट्याला वेढा द्या. आता त्या ताणलेल्या दोरावर बोटं टेकवा. नांगर घसरत असेल तर दोरातून खडखड, थरथर हाताला कळते. रुतला असेल तर दोर ताठ आणि शांत लागतो. घाई करू नका, बोटं तिथंच राहू द्या. मग किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर एका रेषेत धरा. असं आणखी एक जोड दुसऱ्या बाजूला निवडा. रेषा मोडू लागली की आधी बघा, बोट फिरतेय की सरकतेय. दुपारनंतर वायव्येचा वारा उठेल, बोट फिरेल आणि सकाळी मागे असलेला समुद्र समोर येऊन किनारा पाठीशी येईल. नांगर टाकतानाच ही दुपार मोजायला हवी.

मागच्या बाजूनं नांगर कधीही बांधू नका. तिथं इंजिनाचं वजन असतं, कठडा ठेंगणा असतो. ओढ आणि लाट एकदम आली, तर पाणी आत शिरून बोट मिनिटांत बुडते. आणि आज बोटीवर जाल तेव्हा दोराचं आतलं टोक मजबूत कडीला बांधलेलं आहे का, ते हातानं ओढून बघा.